डोणीवरची पाखरं

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायचं घाटतं आहे. पुण्या-मुंबईच्या चार उत्साही मंडळींनी त्यासाठी समिती केली आहे. हयात असलेल्यांत मी वयाने वडील, म्हणून आमच्या शाखेचा मजकूर तपासायला माझ्याकडे आला. त्यात माझ्या वडिलांबद्दल जन्म, विवाह, अपत्यं वगैरे झाल्यावर असं लिहिलं आहे: 'उत्तरायुष्यात दृष्टी अधू झाली. पक्षी मोजण्याचा छंद होता. या काळात वाडीकडे दुर्लक्ष होऊन सुपारीची बाग गेली.' माझ्याबद्दल त्या मानाने बरंच चांगलं लिहिलं आहे. 'निवृत्त शिक्षक. तरुण वयात आळीत पाण्याचं पहिलं इंजिन आणलं. सुधारक वृत्ती.'

हे लिहिणारा माझा पुतण्या भला माणूस आहे. त्याने जे ऐकलं ते लिहिलं, आणि ऐकलं ते आळीतच. आमच्या आळीत रिकामा बसलेल्या माणसाला अजूनही 'पाखरं मोजतोयस काय?' असं विचारतात. परवाच वाण्याच्या दुकानात मी काठी टेकून उभा असताना वाण्याने आपल्या नोकराला हेच विचारलं. नोकर घाटावरचा, नवा. त्याला बोलणं कळलं, पण ते कुठून आलं हे माहीत असायचं कारण नाही. वाण्यालाही नसावं. ते ज्यांच्यावरून निघालं त्यांचा मुलगा समोर उभा होता, आणि त्याने गूळ घेतला आणि तो घरी आला.

समितीने समासात दुरुस्त्या करायला सांगितल्या आहेत. मला जे सांगायचं आहे ते समासात मावणार नाही, म्हणून वेगळं लिहीत आहे.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णा पाखरं मोजत ते विहिरीचं पाणी गोड राहिलं आहे की नाही हे कळावं म्हणून. त्यांना छंद असा कुठलाच नव्हता.

आमची वाडी चौलात. रस्त्याला लागून घर, घरामागे वाडी, आणि वाडी जिथे संपते तिथून सुरूची झाडं आणि समुद्राची पुळण. दोन विहिरी होत्या. घरापुढची पिण्याची, आणि मागची, वाडीच्या पोटातली, शिंपण्याची. मागच्या विहिरीवर रहाट होता. लाकडी चाक, त्यावर सुंभात ओवलेली मातीच्या लोट्यांची माळ, आणि डोळ्यांना झापड बांधलेला एक बैल. बैल फिरला की लोटे भरून वर यायचे आणि एका दगडी डोणीत उलटे व्हायचे. डोण म्हणजे माणूस आडवा झोपेल एवढं कोरलेलं लांबट पात्र. तिथून पाणी पाटात, पाटातून सुपारीच्या बुंध्यांभोवतीच्या आळ्यांत. दिवाळी उलटली की जमिनीतला पावसाळा संपायचा आणि रहाट सुरू व्हायचा. तो कुरकुरायला लागला की आई म्हणायची, थंडी आली.

हिवाळ्यात पाखरं डोणीवर येत. ओढे आटलेले, पागोळ्या बंद, आणि इथे सकाळपासून ताजं पाणी. बुलबुल, साळुंक्या, दयाळ, होले ही घरचीच. सातभाई यायचे ते भांडत यायचे. हळद्या आणि परीट फक्त थंडीत. परीट डोणीच्या काठावरून शेपूट खालीवर करत असा चालायचा की एखादा कारकून कामाची पाहणी करतो आहे. आणि एक कस्तुर, नारिंगी छातीचा. तो बाकीचे गेल्यावर सावलीतून उतरायचा.

मोजण्याचे नियम अण्णांचे. पहिला लोटा डोणीत पडल्यापासून बैलाला पहिला विसावा देईपर्यंत मोजायचं. नुसतं काठावर बसलेलं, आंघोळ करून गेलेलं पाखरू मोजायचं नाही. चोच बुडवून मान वर केली, पाणी घशाखाली गेलं, तर एक. होला त्याला अपवाद, कारण होला मान वर करत नाही, तोंड घालून बैलासारखा पितो. आणि कावळा मुळीच मोजायचा नाही.

"कावळ्यानं काय पाप केलंय?" मी एकदा विचारलं.

"पाप कशाला? तो कुठलंही पाणी पितो. त्याची साक्ष काय घ्यायची?"

अण्णा मागच्या पडवीच्या पायरीवर बसून मोजत. जवळ चिंचोक्यांची पिशवी आणि एक पितळी वाटी. पाखरू प्यायलं की वाटीत एक चिंचोका. मग बैल थांबला की वाटी मांडीवर घेऊन ते चिंचोके एकेक करून पिशवीत परत टाकायचे, आणि मोजताना 'एक' म्हणायचे नाहीत. खळ्यावर धान्याचं पहिलं माप टाकताना 'लाभ' म्हणतात, तसं 'लाभ, दोन, तीन' असं. सुपारी मोजतानाही तसंच, पाखरं मोजतानाही तसंच. थंडीत साधारण पन्नासाच्या आगेमागे आकडा असे. कधी कमी, कधी जास्त. आकडा कुठे लिहून ठेवत नसत. कालचा त्यांच्या लक्षात असे.

शेजारच्या वाडीतले तात्या कुंपणावरून डोकावून विचारायचे, "काय अण्णा, आज किती गिऱ्हाइकं?"

"बावन्न."

"रोख की उधार?"

"तुमच्यापेक्षा बरी. प्यायली की मान वर करून बघतात तरी."

तात्या हसायचे. पण आळीतल्या लोकांना अण्णांच्या मोजण्याचा अर्थ ठाऊक होता. दुष्काळी वर्षात मागे एकदा अण्णांनी आकडा उतरलेला पाहून रहाट आठवडाभर बंद ठेवला होता, आणि शेजाऱ्यांनाही ठेवायला लावला होता. त्या वर्षी आळीतल्या विहिरी वाचल्या. तेव्हापासून पाण्याबद्दल अण्णांचा शब्द चाले.

मला त्यांनी कारण नीट समजावून सांगितलं होतं, म्हणून मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. ते म्हणाले होते, "आपल्या विहिरीत गोडं पाणी आहे ते खाऱ्या पाण्यावर बसलेलं आहे. दुधावर साय असते ना, तसं. रहाट वरवरची साय काढतो. खालचं दूध हलत नाही. फार उपसलंस की दूध वर येणार."

"मग पाणी चाखून बघावं. पाखरं कशाला?"

"रोज चाखणाऱ्याची जीभ सरावते. आज चिमूटभर, उद्या चिमूटभर, तिला काही वाटत नाही. झाड सांगतं, पण दोन वर्षांनी सांगतं, आणि तोवर ते मेलेलं असतं. पाखराला काय, पलीकडच्या वाडीत दुसरी डोण आहे. त्याला नको वाटलं की ते त्याच दिवशी तिकडे जातं."

तेव्हा मी वीस-बावीस वर्षांचा होतो. गावच्या शाळेत नुकता मास्तर झालो होतो, मुलांना सृष्टिज्ञान शिकवीत होतो, आणि साय नि दूध हे मला बायकी बोलणं वाटलं.

तिसाचं साल उलटलं तेव्हा अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मुंबईला जाऊन काढून घ्या म्हटलं की "पिकू दे अजून" म्हणत. पाटांवरून चालणं बंद झालं. पायरीवर बसत, पण डोणीवर काहीतरी हलतं आहे एवढंच दिसे. त्याच सुमारास मी मुंबईत एक इंजिन पाहून आलो. तेलावर चालणारं, पट्ट्याने पंप फिरवणारं. रहाटाला दिवस लागे ते काम ते दीड-दोन तासांत करत होतं. विकणाऱ्याने मला खुर्ची दिली, 'मास्तरसाहेब' म्हटलं, आणि कुलाबा जिल्ह्यातल्या बागायतीत हे कसं क्रांती करील ते सांगितलं. मला ते पटलंच होतं. त्या क्रांतीत पहिला मीच असणार, हेही पटलं होतं.

इंजिन पडावातून रेवदंड्याच्या खाडीत उतरलं आणि बैलगाडीतून आळीत आलं. बघायला सगळी आळी जमली. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं. ते सुरू झालं तेव्हा पोरं ओरडली आणि कुंपणापलीकडे तात्यांची म्हैस दावं तोडून पळाली. पाण्याची धार डोणीत पडली ती डोणीत मावेना. अण्णांना हाताला धरून आणलं. त्यांनी इंजिनावर तळवा ठेवला आणि लगेच काढला.

"तापतं फार," ते म्हणाले.

"थंड व्हायला वेळ देतो आम्ही त्याला."

"त्याला दे. विहिरीला कोण देणार?"

लोक हसले. मी हसलो नाही. अण्णांनी ते पाहिलं नसावं, पण त्यांना कळलं असावं, कारण ते आवाज उतरवून म्हणाले, "असं कर. हा हिवाळा चालव तुझं इंजिन. रहाट मात्र उतरवायचा नाही, बैल विकायचा नाही. पाखरं मोजू. माघ संपेपर्यंत आकडा राहिला तर रहाट मोडायला मी स्वतः कुऱ्हाड देईन. उतरला तर इंजिन जिथून आणलंस तिथे."

"कबूल," मी म्हणालो.

"मोजणार तू. मला दिसत नाही."

"कबूल."

हे सगळं आळीदेखत झालं. तात्या म्हणाले, "अण्णा, तुमचं ठरलं की आमचंही ठरलं. तुमच्या पाखरांनी पास केलं की मीही एक घेतो." आणखी दोघांनी माना डोलावल्या.

पहिले काही दिवस पाखरं आली. इंजिन सुरू होण्याआधी डोणीत रात्रीचं पाणी असे, त्यावर येत. मग कमी झाली. हळद्या आधी गेला. मग दयाळ. बुलबुल काठावर बसत, पाण्याकडे वाकत आणि उडून तात्यांच्या वाडीकडे जात. तिथे अजून रहाट होता. पन्नासाचे तीस झाले, तिसाचे पंधरा.

मी मनाशी म्हटलं, आवाजाला घाबरतात. एवढा मोठा आवाज, पाखरू घाबरणारच. पाण्याचा त्यात काही संबंध नाही. पण अण्णांना हे सांगितलं तर ते पाण्यालाच दोष देणार, आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या समजुतीपायी चांगलं यंत्र परत जाणार. तेव्हा आवाजाने गेलेली पाखरं मी मोजणीत धरावी हेच बरोबर. हा विचार मला तेव्हा चोख वाटला. वर्गात फळ्यावर मांडून दाखवता आला असता.

म्हणून मी वाटीत जास्तीचे चिंचोके टाकू लागलो. रोज सारखे टाकले तर संशय येईल हे मला कळत होतं, म्हणून कधी चाळीस, कधी पंचावन्न. ढगाळ दिवशी थोडे कमी. मग वाटी अण्णांच्या मांडीवर ठेवायची. ते बोटांनी चाचपून एकेक चिंचोका उचलत आणि पिशवीत टाकत. लाभ, दोन, तीन, चार. मी शेजारी उभा. शाळेला उशीर होत असे, पण ते संपेपर्यंत मला जाता येत नसे. न आलेली पाखरं ते माझ्यासमोर एकेक करून मोजीत, आणि शेवटी "बरं आहे" म्हणत.

कधी विचारत, "परीट आला का?"

"आला होता."

"आणि तो कस्तुर?"

"तोही. शेवटी."

"तो शेवटीच यायचा," अण्णा म्हणत, आणि त्यांचा चेहरा सैल व्हायचा.

रहाट हाकणारा आमचा गडी त्या हिवाळ्यात बैलाला नुसती वैरण घालत बसून होता. माघ संपला की आपलं काय होणार ते या मोजण्यावर आहे, हे त्याला माहीत होतं. एके सकाळी तो डोणीपाशी येऊन उभा राहिला.

"धाकलं मालक, पाखरं न्हाय दिसत आज."

"इंजिनाच्या आवाजाला घाबरतात."

"आता व्हय," तो म्हणाला. डोणीच्या काठावर तीन कावळे बसले होते. त्यातला एक चोच पाण्यात घालून खुशाल पीत होता. गडी त्यांच्याकडे बघून म्हणाला, "ह्यांचं कान फुटलं हायत वाटतं."

मी त्याला बैलाकडे जायला सांगितलं. त्याचं पोट रहाटावर होतं, तेव्हा तो असं बोलणारच, असं मी ठरवलं. त्याने ते अण्णांना जाऊन सांगितलं नाही. धन्याच्या मुलाविरुद्ध धन्याकडे बोलायची त्याची रीत नव्हती, आणि मला तेही माहीत होतं.

आता जे लिहायचं आहे ते मी माझ्या पत्नीलाही कधी सांगितलं नाही.

माघाच्या सुरुवातीला एकदा अण्णांनी चिंचोके मोजले, 'बरं आहे' म्हटलं, आणि मग म्हणाले, "मागच्या विहिरीचं एक तांब्या पाणी आण रे. मी वर्षात चाखलेलं नाही. माझी जीभ सरावलेली नाही."

मी तांब्या घेऊन मागे गेलो. पाटांवरून चालत निम्म्या वाटेपर्यंत गेलो. विहीर समोर होती, डोण समोर होती. मग मी वळलो, घराला बाहेरून वळसा घातला आणि तांब्या पुढच्या विहिरीवर भरला. आई तुळशीपाशी होती. तिला वाटलं असेल, पिण्याचं पाणी नेतो आहे.

अण्णा दोन घोट प्यायले. तोंडात धरून ठेवलं, मग गिळलं.

"गोड आहे," ते म्हणाले. "माझीच शंका फुकट."

पाखरं आवाजानेच जात आहेत असं मी खरोखर मानत होतो, तर तांब्या पुढच्या विहिरीवर का भरला, याला मला उत्तर नाही. मागच्या विहिरीचं पाणी मी त्या दिवशी चाखलंही नाही. एका ओंजळीचं काम होतं.

माघ संपला त्या आठवड्यात अण्णांनी तात्यांना आणि आळीतल्या आणखी दोघा-तिघांना पडवीवर बोलावलं. सुपारी दिली. म्हणाले, "मी विरुद्ध होतो, ते तुम्हांला माहीत आहे. पण पाखरं तेवढीच येतायत. पाणीही चाखलं. इंजिनाने काही बिघडत नाही. मुलगा म्हणत होता ते खरं."

तात्या म्हणाले, "मग घेतो, अण्णा?"

"घ्या. माझा शब्द."

अण्णांनी बोलल्याप्रमाणे खरंच कुऱ्हाड मागवली. रहाटाचं चाक फुटलं, पुढे दोन वर्षं ते न्हाणीघराच्या चुलीत जळत होतं. लोटे परसात पडून राहिले. बैल नागावच्या बाजाराला गेला. गडी पेणेकडे मिठागरावर गेला. जाताना अण्णांच्या पायां पडला आणि माझ्याकडे बघून "येतो, धाकलं मालक" म्हणाला. पुढच्या दिवाळीनंतर आळीत चार इंजिनं झाली. सकाळी त्यांचा आवाज एकमेकांत मिसळे. कुठेच रहाट उरला नव्हता, तेव्हा पाखरं कुठल्या डोणीवर गेली ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या हिवाळ्यात अण्णांनी वाटी काढली नाही. निकाल लागला होता.

सुपारीचं झाड बारीक असतं आणि शेंड्यावर त्याचा सगळा जीव असतो. तिसऱ्या वर्षी शेंड्यांची पानं टोकाकडून पिवळी पडू लागली. मग शेंडे बारीक झाले, फळ कोवळंच गळू लागलं. आधी समुद्राकडच्या रांगा, मग आतल्या. तात्यांच्या वाडीतही तेच, पलीकडेही तेच. कुणी रोग म्हणालं, कुणी दृष्ट. तात्यांनी देवीला बोकड कबूल केला. नारळाला फारसं काही होत नव्हतं. नारळाला खारं चालतं, हे सगळ्यांना माहीत असूनही तो शब्द कुणी काढत नव्हतं, कारण पाण्याबद्दल अण्णांनी शब्द दिला होता.

अण्णांना पिवळेपण दिसत नव्हतं. त्यांना गळलेल्या फळांचा आवाज ऐकू येत असावा. एका सकाळी ते म्हणाले, "मला डोणीपाशी ने."

मी हाताला धरून नेलं. पाट ओलांडताना ते पायाने चाचपून थांबत होते. डोणीशी पोहोचल्यावर त्यांनी काठावर हात फिरवला, मग ओंजळ बुडवली आणि प्यायले. पिताना मान वर केली. बराच वेळ तशीच ठेवली.

"त्या दिवशी आणलेलं गोड होतं," ते म्हणाले.



त्यांनी ओला हात उपरण्याला पुसला. "चल," म्हणाले.

परत येताना त्यांनी माझा हात सोडला नाही. सोडता आला नसता हेही खरं, पाटांवरून ते एकटे चालू शकत नव्हते. पडवीत बसल्यावर त्यांनी तात्यांना आणि बाकीच्यांना बोलावणं पाठवलं. ते आले. दोन वर्षांपूर्वी बसले होते तिथेच बसले.

अण्णा म्हणाले, "पाणी खारावलं आहे. इंजिनं बंद करा. माझ्या विहिरीचं मी आज बघितलं, तुमचंही तेच असणार."

 मग तात्या म्हणाले, "पण अण्णा, तुम्ही मोजलं होतंत. तुमच्या शब्दावर आम्ही घेतली इंजिनं."

"मोजण्यात माझी चूक झाली."

"चूक कशी होईल? मास्तर मोजत होते की डोणीवर."

मी अण्णांच्या मागे खांबाला टेकून उभा होतो. त्या वेळी बोलायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं, असं मला आठवतं, पण इतक्या वर्षांनी आठवण स्वतःची बाजू घेते, तेव्हा त्यावर मी भर देत नाही.

अण्णा म्हणाले, "त्याने सांगितलं ते बरोबर. पाखरं मला मोजता आली नाहीत. डोळे गेलेल्या माणसाने मोजू नये, मी मोजलं. दोष माझा."

तात्या उठले. चपला घालताना ते कुणाकडेही न बघता म्हणाले, "पाखरं मोजत बसलात, अण्णा, आणि आमच्या वाड्या गेल्या." आळीत ते बोलणं तिथून सुरू झालं.

इंजिनं बंद केली, पण एकदा वर आलेलं पाणी लवकर खाली जात नाही. पुढच्या चार-पाच वर्षांत आळीतली सुपारी संपली. तात्यांनी वाडीचा तुकडा विकून मुलाला मुंबईला पाठवलं. आमचं घर माझ्या पगारावर चाललं. अण्णा त्यानंतर तीन हिवाळे होते. तात्या कुंपणावरून पुन्हा कधी काही विचारायला आले नाहीत. अण्णा पायरीवर बसत, पण वाटी त्यांनी मागितली नाही. माझ्याशी ते नेहमीसारखेच बोलत. शाळेतल्या गोष्टी विचारत, माझं लग्न ठरलं तेव्हा खूश झाले. डोणीपाशी काय कळलं याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही. त्यांनी मला क्षमा केली होती की मला बोलायला वेळ देत होते, हे मी ठरवू शकलेलो नाही. ते गेले त्या वर्षी मी मागच्या विहिरीवर जाऊन एक ओंजळ प्यायलो. फार खारट नव्हतं, मचूळ होतं. पण इतकं स्पष्ट की पहिल्याच हिवाळ्यात चाखलं असतं तर कुठल्याही माणसाला कळलं असतं.

शिक्षक म्हणून मी पुढे बरी नोकरी केली. मुलांना खरं बोलायला शिकवलं. त्यात मला अडचण आली नाही.

विहीर अजून आहे. डोणही आहे, पावसाळ्याचं पाणी त्यात दिवाळीपर्यंत टिकतं. थंडीत मी सकाळी पायरीवर बसतो, कारण सकाळचा वारा तिथे लागत नाही. विहिरीतून दोन बादल्या काढून डोणीत ओतायला मी कामवाल्या बाईला सांगतो. ती म्हणते, "आजोबा, ह्या खाऱ्या पाण्यावर कोण यायचं?" कावळे येतात. इतक्या वर्षांत गेल्या थंडीत एकदा एक परीट आला, काठावरून चालला, शेपूट हलवली. मी वाट पाहिली. तो वाकला नाही, आणि गेला. तो मी धरला नाही.

समितीला माझ्या दुरुस्त्या अशा आहेत. वडिलांच्या मजकुरातला 'छंद' हा शब्द काढावा. 'पक्षी मोजून पाण्याची परीक्षा करीत' असं लिहावं. 'सुपारीची बाग गेली' हे वाक्य त्यांच्या नावाखालून उचलून माझ्या नावाखाली, इंजिनाच्या वाक्यानंतर घालावं. जागा पुरत नसेल तर 'सुधारक वृत्ती' हे दोन शब्द वगळले तरी चालतील.